एक 'ऱ्हा', दोन खाती

आमच्या पुणतांब्याला चांगदेवांचा फार अभिमान. त्यांची समाधी इथेच, गोदाकाठी. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने त्यांनी कोरेच पत्र धाडले, ही आख्यायिका आपण जाणताच. बँकेत बावीस वर्षे खर्डेघाशी केल्यावर माझे प्रामाणिक मत असे, की संगणकाला जिच्यात खोट काढता येणार नाही अशी मराठी मजकुराची ती एकमेव प्रत!

परवा आडनावात 'ऱ्हा' असलेले एक आजोबा काउंटरवर आले. "सायेब, अनुदान आलं का?" मी यादीत नाव शोधले. संगणक म्हणाला, असा मनुष्यच नाही. मनुष्य तर समोर टोपी हातात घेऊन उभा! शेवटी यादी कागदावर काढून बोटाने शोधली. एकेचाळिसाव्या ओळीत सापडले. "मंग मी हाये ना?" आजोबांनी खात्री करून घेतली.

संध्याकाळी आमच्या संगणकवाल्या पुतण्याने उलगडा केला. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरीला 'इस्की' या भारतीय संहितेच्या १९८८ च्या मांडणीवरून १२८ घरे मिळाली. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत, सगळी बिऱ्हाडे एकाच चाळीत. उपकार मोठेच, पूर्वी फाँट बदलला की मराठीची अगम्य चिन्हे होत, ते दुखणे गेले. पण भाडेकरूंची चौकशी अपुरी झाली. मराठी 'ॲ'ला हक्काची खोली मिळायला २००८ साल उजाडले!

आणि 'ऱ्ह'? तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ'चा पाय मोडून. दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ही जुन्या आवृत्तीशी जुळते म्हणून राखलेली. दिसायला जुळे भाऊ, आकड्यांत परके.

हा 'र' वेगळा हवाच, नाहीतर आचाऱ्यांची बिदागी आचार्यांना जायची. माझी तक्रार एवढीच : एका खातेदाराला दोन क्रमांक दिलेत, तर दोन्ही एकाचेच, ही नोंद खातेवहीतच हवी होती. ती प्रत्येक शोधणाऱ्यावर सोडली, आणि शोधणाऱ्याने सोडली ती आजोबांवर. आमच्याकडे असा हिशेब ठेवला असता, तर ऑडिटरने मलाच कोरे पत्र पाठवले असते!

पैसे घेताना आजोबांनी अंगठा उठवला. त्यात जोडाक्षर नसते, हे त्यांचे भाग्य.