सुरीचा दाखला आणि पेट्रोलमधले शिसे

एका तालुक्याच्या गावी झालेल्या आंतरशालेय निबंधस्पर्धेचे परीक्षण मध्यंतरी आमच्याकडे आले होते. विषय नेहमीचाच, 'विज्ञान : शाप की वरदान?' आठवी ते दहावीच्या मुलांचे साठ-पासष्ट निबंध दोन रात्री बसून वाचले. पहिले पाच वाचल्यावर पुढचे कसे असणार ते कळू लागले. आरंभी मोबाइलचा गजर, मिक्सर, विमान, हृदयाची शस्त्रक्रिया; मग 'परंतु नाण्याला दुसरीही बाजू असते' हे वाक्य; त्याखाली हिरोशिमा आणि भोपाळ; आणि शेवटी सुरी. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही कापता येतो, दोष सुरीचा नव्हे, वापरणाऱ्याचा. सबब, विज्ञान शापही नाही, वरदानही नाही; माणसाने त्याचा योग्य वापर करावा म्हणजे झाले.

मुलांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही शाळेत हाच निबंध लिहिला होता आणि तो वर्गात वाचून दाखवला गेला होता. पुढे प्रयोगशाळेत वीस वर्षे काढूनही, कोठे बक्षीस-समारंभाला भाषण करायची वेळ आली की आमच्या तोंडून सुरीच बाहेर पडत असे. शिक्षकांच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, कीटकनाशकांपासून मोबाइलपर्यंत कोणताही विषय निघाला तरी चर्चा याच वाक्यावर येऊन थांबते. इतके सर्वमान्य मत सहसा कोणी तपासून पाहत नाही. या लेखात ते तपासायचे आहे.

या दाखल्यात काय काय गृहीत धरलेले आहे ते पाहा. सुरी एकाच माणसाच्या हातात आहे, आणि काय कापायचे ते तोच ठरवतो. सुरी कशी असावी हा प्रश्नच नाही, ती आयती मिळालेली आहे. आणि बोट कापले तर रक्त येते, म्हणजे इजा झाली हे लगेच कळते. आता हा दाखला एका खऱ्या तंत्रज्ञानाला लावून पाहू. आम्ही उदाहरण घेतो ते पेट्रोलमध्ये घातल्या गेलेल्या शिशाचे.

१९२० च्या सुमारास मोटारींच्या इंजिनांना 'नॉकिंग'चा त्रास होता. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबामुळे आपोआप पेट घेते आणि इंजिन खडखडते. दाब वाढवावा तर कार्यक्षमता वाढते, पण खडखडही वाढते. अमेरिकेत डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी असंख्य पदार्थ तपासले, आणि डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग त्यांच्या हाती लागले. गॅलनभर पेट्रोलला ते सुमारे ३ घन सेंटिमीटर पुरे. रसायनशास्त्र म्हणून पाहिले तर शोध सुंदर होता, हे मान्यच करायला हवे.

पण नॉकिंगवर तो एकमेव उपाय नव्हता. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळला तरी खडखड थांबते, आणि मद्यार्काचा हा गुण त्याच प्रयोगशाळेत तपासला गेला होता. मद्यार्क बराच घालावा लागतो आणि तो तेव्हा स्वस्त नव्हता, या अडचणी खऱ्याच. परंतु मद्यार्क मळीपासून, मक्यापासून कोणालाही गाळता येतो. त्यावर मक्तेदारी सांगता येत नाही. शिवाय जितका मद्यार्क घालावा तितके पेट्रोल कमी खपते. शिशाच्या संयुगाला यांपैकी कोणताच दोष नव्हता. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून ते विकण्यासाठी एक कंपनी काढली. तिच्या आणि मालाच्या नावात 'एथिल' ठेवले, 'लेड' गाळले. म्हणजे सुरीचे पोलाद कोणते, धार कशी, नाव काय, हे सगळे ती गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वीच ठरून गेले होते. पंपावर गाडी उभी करणाऱ्याने 'योग्य वापर' करायचा म्हणजे नेमके काय करायचे होते?

शिसे विषारी आहे हे त्या काळी ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. छापखान्यांतील आणि रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना होणारी शिशाची बाधा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची होती. खुद्द मिजली यांना १९२३ च्या आरंभी ती झाली आणि विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, तीसहून अधिक आजारी पडले. कामगार त्या वायूला आधीपासूनच वेड लावणारा वायू म्हणत. त्यानंतर मिजली यांनी वार्ताहरांसमोर ते रसायन स्वतःच्या हातांवर ओतून घेतले आणि भीतीचे कारण नाही असे सांगितले. (प्रात्यक्षिक पाहून मत बनवण्याची सवय आपण मुलांना लावतो, आणि ती चांगलीच आहे, पण कोणते प्रात्यक्षिक काय सिद्ध करते, हे शिकवायला विसरतो.)

२० मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनला या प्रश्नावर परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी कारखान्यांतील विषबाधांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. शिसे जिथे वापराल तिथे आज ना उद्या बाधा होणारच, असे त्यांचे म्हणणे होते. येलचे शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांचा त्याच सुमारास दिलेला इशारा असा होता की, ही बाधा इतकी हळूहळू येईल की लोकांना आणि सरकारला जाग येईपर्यंत शिशाचे पेट्रोल सगळीकडे पसरलेले असेल. कंपनीच्या वतीने फ्रँक हॉवर्ड बोलले. त्यांनी या रसायनाला जवळजवळ ईश्वरी देणगीच ठरवले. आपल्या निबंधातला 'वरदान' हा शब्द पुढे कधी भेटला की तो कोणाच्या तोंडी आहे हे पाहावे, असे आम्हाला तेव्हापासून वाटते.

निकाल मात्र दुसऱ्याच एका मुद्द्यावर लागला. कंपनीचे वैद्यकीय सल्लागार डॉ. रॉबर्ट केहो यांची भूमिका अशी होती : प्रत्यक्ष धोका आहे असे दाखवून द्या, आम्ही हे बंद करू, नुसत्या शंकेवरून बंद करणार नाही. ऐकायला किती शास्त्रीय वाटते! पुराव्याशिवाय काही मानू नये, असे आपणही वर्गात सांगतोच. पण पुरावा कोणी द्यायचा, हा प्रश्न या वाक्यात गुपचूप सोडवून टाकलेला आहे. नवा पदार्थ हवेत सोडणाऱ्याने तो निरुपद्रवी असल्याचे दाखवायचे नाही. श्वास घेणाऱ्याने आपण आजारी पडल्याचे दाखवायचे. विज्ञानाच्या कोणत्याही नियमातून ही वाटणी निघत नाही. ती सार्वजनिक धोरणाची बाब आहे, आणि त्या दिवशी ती विज्ञानाच्या नावावर खपली. पुढे नेमलेल्या समितीने २५२ माणसे तपासून जानेवारी १९२६ मध्ये सांगितले की, तूर्त बंदी घालण्याइतके सबळ कारण दिसत नाही, पण सरकारी खर्चाने अभ्यास चालू ठेवावा. विक्री सुरू झाली. सरकारी खर्चाचा अभ्यास राहून गेला, आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे या विषयावरचे बहुतेक संशोधन उद्योगाच्या पैशावर, मुख्यतः केहो यांच्या सिनसिनाटी येथील प्रयोगशाळेत झाले.

केहो यांनी आकडे खोटे दिले, असे आम्हाला म्हणायचे नाही. त्यांची मोजमापे काळजीपूर्वक केलेली होती. चूक तुलनेत होती. मोटारींपासून दूर राहणाऱ्या मेक्सिकोतील शेतकऱ्यांच्या शरीरातही शिसे सापडले, यावरून त्यांनी अनुमान काढले की थोडे शिसे माणसात निसर्गतःच असते. पण ते शेतकरी शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होते. नियंत्रित गट कसा नसावा याचे याहून चांगले उदाहरण विज्ञानाच्या शिक्षकाला मिळणार नाही.

ही चूक उघडी पाडली ती वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होते (१९५६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला ४५५ कोटी वर्षांचा आकडा आजही टिकून आहे). मोजमाप करताना त्यांच्या लक्षात आले की प्रयोगशाळेतली धूळ, भांडी, हात, सगळीकडे शिसे आहे आणि ते नमुन्यात उतरते. इतके शिसे येते कोठून, याचा शोध घेता घेता ते पेट्रोलपाशी पोचले. १९६५ मध्ये त्यांनी मांडले की सामान्य अमेरिकन माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट आहे. सर्वत्र आढळते म्हणून ते नैसर्गिक, असे होत नाही. यानंतर तेल-उद्योगाच्या संस्थेकडून त्यांना मिळणारे अनुदान थांबले, आणि १९७१ मध्ये हवेतील शिशाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीत त्यांना घेतले गेले नाही.

आता सुरीच्या दाखल्यातली शेवटची गोष्ट, इजा लगेच कळते ती. हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी बोस्टनजवळच्या दोन गावांत पहिली-दुसरीतल्या दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दात गोळा करायला मदत केली शिक्षकांनी; मुलांच्या वर्गातील वागणुकीविषयीची प्रश्नावलीही शिक्षकांनीच भरली. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे त्यांना माहीत नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दातात शिसे जितके अधिक तितके लक्ष न लागणे, सांगितलेले न समजणे अधिक, आणि जास्त शिसे असलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे चारने कमी. यांपैकी एकही मूल आजारी म्हणून दवाखान्यात गेलेले नव्हते. वर्गात एखादे मूल असे थोडेसे मागे राहिले, तर कोणती शिक्षिका म्हणेल की हे पेट्रोलमुळे झाले? ती म्हणेल, लक्ष नाही, अभ्यास करत नाही. चौकशी करा, आपणही तेच म्हटलेले असेल.

शेवटी सत्याचा विजय झाला, असे इथे लिहायचा मोह होतो. पण घडले ते जरा वेगळे. १९७० च्या अमेरिकन कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा आल्या. त्या पाळायला उत्प्रेरक परिवर्तक हवा होता, आणि शिशाने त्यातले प्लॅटिनम निकामी होते. म्हणून ज्या जनरल मोटर्सने शिसे आणले होते तिलाच बिनशिशाचे पेट्रोल हवेसे झाले. मुलांच्या मेंदूच्या आधी प्लॅटिनमचा नंबर लागला! आपल्याकडेही एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले ते परिवर्तक बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी. देशभर ते फेब्रुवारी २००० पासून झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे जुलै २०२१ मध्ये रस्त्यावरील गाड्यांसाठी हे पेट्रोल थांबले. दरम्यान १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत पेट्रोलमधल्या शिशाचा वापर जवळपास निम्म्याने उतरला, तेव्हा लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे ३७ टक्क्यांनी उतरले. केहो मागत होते तो पुरावा हा. पन्नास वर्षांनी मिळाला.

याच्या उलट टोकाचे मतही आपण ऐकतो : कंपन्या सगळ्या लुटारू, त्यांच्या हातून चांगले काही व्हायचेच नाही. ते सुरीच्या दाखल्याइतकेच आळशी आहे. परिवर्तकही कंपन्यांनीच विकसित केले आणि ते उत्तम चालले. फरक एवढाच की या वेळी काय साधायचे हे कायद्याने आधी सांगितले होते. आणि टाकून दिलेला मद्यार्क? आज आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. त्यात साखर कारखान्यांचे हित आहे, उसाच्या पाण्याचा प्रश्न आहे, जुन्या गाड्यांचा आहे. तिथेही 'वरदान' हा शब्द फार लवकर ऐकू येऊ लागला.

त्या गठ्ठ्यात आठवीतल्या एका मुलीचा निबंध होता. त्यात सुरी नव्हती, हिरोशिमा नव्हते. तिच्या घरामागे एक शेड आहे, तिथे जुन्या इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून आतल्या पट्ट्या कढईत वितळवतात, आणि आम्ल ओढ्यात ओततात, एवढेच तिने दीड पान लिहिले होते. पहिल्या फेरीत आम्हीच त्यावर 'विषयाला सोडून' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच असते, हे आम्हाला ठाऊक असूनही. दुसऱ्या रात्री तो पुन्हा काढून वाचला आणि शेरा खोडला. पण बक्षिसाची यादी तोवर कळवून झाली होती. आपल्याकडे २००१ पासून जुन्या बॅटऱ्यांविषयी नियम आहेत, आणि २०२२ च्या नियमांनी त्या परत गोळा करून त्यांचे नीट पुनर्चक्रीकरण करून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्या शेडीतल्या बॅटऱ्यांवर छापलेली नावे तिने एकाखाली एक लिहून काढली होती. शेवटची ओळ अशी होती : 'माझा लहान भाऊ तिथेच खेळतो, तर याचे कोणाला सांगायचे?'