‘पंच परमेश्वर’मधील अदब : जुम्मन शेखच्या निवाड्याचे पुनर्वाचन

मराठीत ‘अदब’ म्हटले की मान लववणे, आवाज खाली ठेवणे, दोन पावले मागे उभे राहणे एवढेच डोळ्यांपुढे येते. उर्दूत त्याच शब्दाने साहित्याचाही बोध होतो. अरबी फिकहच्या परंपरेत मात्र ‘अदबुल काजी’ नावाचा स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे आणि तेथे अदब म्हणजे पदावर बसलेल्या माणसाने पाळावयाची शिस्त. हिजरी तिसऱ्या शतकातील हनफी फकीह अल-खस्साफ यांचा ग्रंथ याच नावाने ओळखला जातो. कामाच्या ठिकाणी गैरमुस्लिम सहकाऱ्यांशी आदराने कसे वागावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा हा तिसरा अर्थ सहसा विसरला जातो. सलामाऐवजी ‘आदाब’ म्हणावे की नमस्कार, सणाच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही, डबा एकत्र खावा की नाही, येथेच चर्चा सुरू होते आणि येथेच संपते.

प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही १९१६ सालची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. महाविद्यालयीन वर्गात ती प्रामुख्याने हिंदू-मुस्लिम ऐक्याची कथा म्हणून शिकवली जाते. पण कथेचा पाया ऐक्य हा नसून व्यवहार हा आहे. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांची शेती भागीदारीत आहे, देण्याघेण्यातही भागी आहे. त्यांच्यात खाण्यापिण्याचा व्यवहार नाही, धर्माचे नाते नाही, हे प्रेमचंद आरंभीच सांगून टाकतात. मात्र जुम्मन हजला गेला तेव्हा घर अलगूच्या हवाली करून गेला. पंक्तिभेद कायम आणि अमानत मात्र पूर्ण! शिष्टाचाराची चर्चा ज्या डब्यापाशी अडकते, तो डबा या मैत्रीत नाहीच.

असा विश्वास इस्लामी परंपरेला परका नाही. हिजरतच्या प्रवासात प्रेषित (स.) व हजरत अबू बक्र (र.) यांनी वाटाड्या म्हणून मजुरीवर नेमलेला माणूस मुस्लिम नव्हता. आपल्या उंटिणी त्यांनी आधीच त्याच्या स्वाधीन केल्या होत्या. सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत, जे धर्मावरून लढत नाहीत व घरातून हुसकावून लावत नाहीत, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करत नाही, असे सांगितले आहे. भलाई आणि न्याय हे दोन्ही शब्द तेथे एकत्र येतात. प्रचलित चर्चेत मात्र पहिल्याचीच आठवण राहते.

कथेतील खरी कसोटी दुसऱ्या पंचायतीत येते. पहिल्या पंचायतीत अलगूने खालाच्या बाजूने निकाल दिल्यापासून जुम्मन सूड घेण्याची वाट पाहत आहे. अलगूने समझू साहूला बैल उधारीवर विकला. साहूने दिवसाला तीन-तीन, चार-चार खेपा करून, नीट चारापाणी न देता त्याला राबवले. बैल मेला आणि साहू पैसे नाकारू लागला. पंच निवडताना तो मुद्दाम जुम्मनचे नाव घेतो. वैर उपयोगी पडेल हा त्याचा हिशेब आहे. सरपंचाच्या जागी बसताच जुम्मनला जबाबदारीची जाणीव होते आणि तो बैलाची पूर्ण किंमत देववतो.

यापुढचे दोन संवाद वाचक सहसा ओलांडून जातात. एक पंच म्हणतो, साहूला दंडही करावा. जुम्मन म्हणतो, तो वेगळा प्रश्न आहे. दुसरा म्हणतो, साहूला थोडी सवलत द्यावी. जुम्मन म्हणतो, ते अलगूच्या मर्जीवर आहे. वादी-प्रतिवादी दोघेही हिंदू, एक जुना मित्र आणि आताचा वैरी, दुसरा आपल्या वैराचा फायदा घेऊ पाहणारा. साहूला अपमानित करून जुम्मन अलगूची मर्जी संपादन करीत नाही आणि अलगूच्या खिशातून उदारही होत नाही. अदबुल काजीच्या भाषेत यालाच दोन्ही पक्षांना समान लेखणे म्हणतात. (सर्वच फकीह येथे एकमताचे नव्हते. काही शाफई व हंबली ग्रंथकारांनी मुस्लिम पक्षकाराला बसण्यात वरची जागा देण्याची मुभा दिली आहे. हा मतभेद झाकून ठेवण्यात अर्थ नाही.) अंतर्गत गुण देणारा प्राध्यापक, वेळापत्रक आखणारा विभागप्रमुख किंवा रजेची पाळी ठरवणारा पर्यवेक्षक यांच्यासाठी या दोन छोट्या उत्तरांत जेवढे आहे, तेवढे अभिवादनाच्या शब्दांवरील चर्चेत सापडत नाही.

तरीही कथेत एक उणीव जाणवते. जुम्मनचे परिवर्तन फार झटपट होते. जागाच जणू माणसाला शुद्ध करते. फिकहचा आसनावर इतका विश्वास नाही. रागात असताना निवाडा करू नये, अशी हदीस आहे. मनात वैर बाळगणाऱ्याची साक्षही अग्राह्य मानली गेली आहे. या कसोटीवर जुम्मनने पंच होण्यास नकार द्यायला हवा होता, किंवा अलगूने हरकत घ्यायला हवी होती. अलगूची छाती धडधडते, पण विचारल्यावर तो हरकत नाही म्हणतो. शेवटी जुम्मन पंचाच्या जिभेतून खुदा बोलतो असे म्हणतो, तेही हाजी माणसाच्या तोंडी किंचित परके वाटते. तीन काजींपैकी दोघांना दोजखची ताकीद देणाऱ्या हदीसच्या परंपरेत न्यायाधीश खुदाचा आवाज नसतो, खुदापुढे जबाब देणारा असतो. लोकसमजुतीची ही भाषा प्रेमचंदांनी गावातून उचलली असावी.

याउलट पहिल्या पंचायतीचा प्रसंग अधिक पक्का आहे. तेथे आसन काही करत नाही. घरदार भाच्याच्या नावे करून पोटाला मोताद झालेली म्हातारी खाला अलगूच्या दारी जाते. तो मैत्रीची अडचण सांगतो. ती त्याला ईमानाची आठवण देते आणि निघून जाते. शब्द तिच्या धर्माचा आहे, ऐकणारा दुसऱ्या धर्माचा. अलगू त्याचा अर्थ विचारत नाही. तो शब्द त्याच्या मनात राहतो आणि पंचायतीत त्याच्या हातून मित्राविरुद्ध निकाल देववतो.