कंधारचे मौलाना आणि आपला ज्ञानाचा प्रश्न

मौलाना अन्वारुल्लाह फारुकी (मृत्यू १९१८) हे आपल्या नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या काजी घराण्यातले. १८७६ च्या सुमारास हैदराबादेत त्यांनी जामिया निजामिया ही विद्यासंस्था स्थापन केली. सहाव्या आणि सातव्या निजामाचे ते गुरू. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी मराठवाड्यातच शिकलो, आज लातुरात शिकवतो. पण हे नाव वर्गात कधी ऐकले नाही. म्हणून त्यांची नोंद घेतली पाहिजे. आरती मात्र नको.

व्याजाच्या व्यवहाराचा मजकूर लिहावा लागतो म्हणून त्यांनी महसूल खात्यातली नोकरी सोडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मदिनेतून त्यांनी दुर्मिळ हस्तलिखितांच्या नकला आणल्या. १८८८ मध्ये दायरतुल मआरिफ ही ग्रंथप्रकाशन संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. बुऱ्हाणपूरच्या अली मुत्तकींचा सोळाव्या शतकातला 'कन्झुल उम्माल' हा हदीससंग्रह तिने छापला. कपाटातली पोथी छापून खुली करणे म्हणजे काय, हे पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारलेल्या आपल्या माणसांना कोणी समजावून सांगायला नको.

पण खुली कोणासाठी? मौलानांनी 'मकासिदुल इस्लाम'चे अकरा भाग उर्दूत लिहिले, अरबीतली विद्या एक पायरी खाली आणली. पुढची पायरी मराठीची होती. ती राहिली. कंधारच्या बाजारात मराठी बोलणारा बागवान, पिंजारी, कसाई त्या विद्येच्या बाहेरच राहिला. समतेचे वचन ग्रंथात आणि सय्यद-पिंजारी हा भेद गावात, ही विसंगती सिंहासनाशेजारी बसून दिसणे कठीणच होते.

त्याच दशकात, १८७३ मध्ये, जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. महंमद पैगंबरांवर मराठीत काव्य लिहिले तेही जोतीरावांनीच. त्यांच्यामागे ना मदरसा होता, ना दरबार. पैगंबरांची समता शूद्रातिशूद्रांच्या भाषेत आणायला एक माळी पुढे झाला, याचा विचार मौलानांच्या वारसांनी करावा.

आणि आपणही. उर्दू 'त्यांची' म्हणून आपण सोडून दिली, तेव्हा आपल्याच मातीतला अर्धा इतिहास कुलूपबंद झाला. नांदेड-लातूरच्या वर्गांत आज दोन्ही भाषा जाणणारी मुले बसतात. मौलानांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणावेत, आणि जातीचा प्रश्न हातात धरूनच ते वाचावेत.