स्पॅनिश-इंग्रजीची ऑनलाइन साधने आणि मराठी विद्यार्थी : वसईहून एक परीक्षण

परकीय भाषा शिकण्यासाठी इंटरनेटवर आज जी साधने विनामूल्य अथवा अल्प मोलात मिळतात, त्यांत स्पॅनिश आणि इंग्रजी ही जोडी अग्रभागी आहे. या साधनांचे परीक्षण होते ते बहुधा सोय, किंमत आणि मनोरंजन या तीन अंगांनी. ती कोणत्या विद्यार्थ्याला गृहीत धरून रचली गेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो मराठी माध्यमातून शिकलेल्या, वसई-विरार परिसरातील पदवीधराच्या बाजूने विचारावयाचा आहे.

वसईचा संदर्भ केवळ स्थानिक अभिमानापोटी घेतलेला नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होती, आणि त्यांपैकी १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या मस्तकी होता, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया येथील जेझुइटांपाशी शिकले, कोवळ्या वयात जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि पुढे मनिला येथे ते स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या संघात दाखल झाले. १५९३ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराच्या वतीने पेद्रो बाप्तिस्ता हिदेयोशीच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी गार्सिया होते. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. धर्मेतिहासात ते हुतात्मा म्हणून प्रसिद्ध आहेत. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांच्या चरित्रातील दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटावी. स्पॅनिश आणि जपानी यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या या वसईकराला इंग्रजीची मध्यस्थी घ्यावी लागली नाही. आजच्या वसईकराला ती पावलोपावली घ्यावी लागते.

२०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ड्युओलिंगो उदाहरणादाखल घ्यावे. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लुईस फॉन आन हे मूळचे ग्वाटेमालाचे. इंग्रजी भाषकांना स्पॅनिश आणि स्पॅनिश भाषकांना इंग्रजी, हे त्याचे आरंभीचे पाठ्यक्रम होत. म्हणजे प्रारंभीच दोन्ही टोके परस्परांसाठी घडविली गेली. पुढे भाषांची संख्या पुष्कळ वाढली, हिंदीतून इंग्रजी शिकण्याची सोयही झाली. तरी चुकांची पूर्वकल्पना, स्पष्टीकरणे आणि पाठांचा क्रम यांवर त्या मूळ जोडीचा ठसा राहिलाच आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या वर्डरेफरन्स या कोशाचीही हीच कथा. तेथील चर्चामंचावर एखाद्या शब्दाच्या छटेविषयी माद्रिदचा भाषक एक सांगतो, मेक्सिकोचा दुसरे सांगतो आणि लंडनचा त्याला इंग्रजी प्रतिशब्द सुचवितो. कोणत्याही छापील कोशात न सापडणारी ही श्रीमंती आहे, आणि तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या चर्चेत प्रश्न विचारावयाचा झाला तर तो या दोन भाषांपैकी एकीतच विचारावा लागतो.

(विरारच्या लोकलमध्ये हे पाठ कसे घेतले जातात, तेही पाहण्यासारखे आहे. नालासोपारा ते वसई रोड एवढ्या अंतरात एक धडा होतो खरा, पण त्या गर्दीत तोंडाने वाक्य उच्चारणे अशक्यच. ‘आता बोलता येत नाही’ हे बटण दाबून विद्यार्थी पुढे सरकतो. भाषा अशा रीतीने बोटांना येते, जिभेला येत नाही.)

देवाणघेवाणीच्या समुदायांत ही विषमता अधिक उघडी पडते. टँडेम किंवा हॅलोटॉक यांसारख्या अ‍ॅपांचे तत्त्व साधे आहे : तुमची भाषा मला द्या, माझी तुम्ही घ्या. बोगोटाचा तरुण आणि शिकागोचा तरुण येथे समान भांडवलावर भेटतात. मराठी विद्यार्थ्यापाशी देण्यासारखी जी भाषा आहे, तिचा ग्राहक तेथे क्वचितच आढळतो. मग तो आपली इंग्रजी पुढे करतो. ती त्यालाच पुरती आपली वाटत नाही, आणि समोरच्यालाही बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील उच्चार हवा असतो. एकाच संभाषणात शिक्षक आणि उमेदवार अशा दोन्ही भूमिका त्याला कराव्या लागतात. स्पॅनिश येत नाही याची खंत त्याला कमी असते. इंग्रजी कच्ची असल्याची लाज अधिक असते, आणि बरेच जण त्या लाजेनेच गळतात, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

ही हानी केवळ मानसिक असती तर विद्यापीठीय पत्रिकेत तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. खरी हानी व्याकरणाची आहे. ‘मे गुस्ता एल आर्रोस’ हे वाक्य इंग्रजीतून समजावताना प्रत्येक साधनाला कसरत करावी लागते : येथे आवडणारी वस्तू ही कर्ता आहे, आवड असणारी व्यक्ती नव्हे, वाक्य उलटे करून पाहा, इत्यादी. मराठी विद्यार्थ्याला एवढेच सांगावे की हे ‘मला भात आवडतो’ आहे. ‘मे गुस्तान लास फ्लोरेस’ म्हणजे ‘मला फुले आवडतात’. क्रियापद फुलांशी जुळते, तिकडेही आणि इकडेही. इंग्रजीच्या वाटेने गेलेल्या एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर ‘यो गुस्तो’ असे लिहिले होते. तिची चूक स्पॅनिशची नव्हती. मराठीत जन्मतः अवगत असलेली रचना तिने इंग्रजीच्या उंबरठ्यावर टाकून दिली होती.

अशी स्थळे एकदोन नाहीत. ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’ : व्यक्ती कर्म असेल तर ‘आ’ लागतो, हा नियम इंग्रजी पुस्तकांत एक चमत्कारिक अपवाद म्हणून येतो. आपण ‘घर पाहतो’ आणि ‘मारियाला पाहतो’ असे रोजच म्हणतो. ‘किएरो के बेंगास’ यातील क्रियापदाचे इच्छार्थी रूप तर इंग्रजी भाषकाला महिनोन्‌महिने छळते, कारण त्याच्या भाषेत तेथे नुसते ‘टु कम’ असते. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातील ‘यावेस’ त्या रूपाच्या किती जवळ आहे, हे मराठी विद्यार्थ्याला कोणी दाखवीत नाही. भूतकाळाचे तसेच. ‘फुई’ आणि ‘इबा’ या दोहोंना इंग्रजीचे एकच ‘वेंट’ पुरते. आपल्याकडे ‘गेलो’ आहे आणि ‘लहानपणी समुद्रावर जाई’ मधील ‘जाई’ही आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ हे ‘तुमची कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून आले, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते. ‘साहेबांनी बसावे’ असे समोरच्याच माणसाला म्हणणाऱ्या समाजाला यात नवल ते काय?

उच्चारांत तर इंग्रजीची मध्यस्थी उघड अपाय करते. स्पॅनिश त, द हे दंत्य आहेत, आणि प, त, क यांत महाप्राण नाही; म्हणजे ते जवळजवळ आपलेच वर्ण होत. तरीही इंग्रजी वळणाने शिकलेला विद्यार्थी ‘ताको’ला ‘टॅको’ म्हणतो. वसईत ज्यांच्या घराण्यांत चार शतके रोद्रिगेस हे आडनाव चालत आले, तेही आज ते रॉड्रिग्ज असे उच्चारतात, मग इतरांची काय कथा!

याचा अर्थ मराठी ही सर्व कुलपांची किल्ली आहे असा मात्र कोणी घेऊ नये. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांचा भेद ‘असतो’ आणि ‘आहे’ यांनी भागत नाही. तसे शिकविल्यास दिशाभूल होईल. ‘एल’, ‘ला’ ही उपपदे मराठीत नाहीत, तेथे इंग्रजीची ओळख काही अंशी साह्यभूत होते. ‘खोसे’ या नावातील घर्षक ध्वनीही आपल्या ‘ख’ने नेमका साधत नाही. परंतु कोठे साम्य आहे आणि कोठे ते फसवे आहे, हे सांगण्यासाठीच तौलनिक व्याकरण हवे असते, आणि ते परदेशी अ‍ॅपांनी लिहावे ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. मराठी मुलखातील अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते, पण विद्यार्थ्याचे मराठी हे तिथे अडथळा मानलेले नव्हते. ते हातातले साधन होते.

तूर्त मध्यस्थाविना वापरता येण्यासारखी काही साधने आहेतच. स्पॅनिश अकादमीचा एकभाषिक कोश इंटरनेटवर विनामूल्य खुला आहे, आणि ड्रीमिंग स्पॅनिशसारख्या चित्रफितींत शिक्षक केवळ सोप्या स्पॅनिशमध्ये, हावभाव आणि रेखाटने यांच्या साह्याने बोलतात. नवशिक्याला कोश जड जातो. चित्रफिती मात्र पहिल्या दिवसापासून चालतात, आणि मराठी विद्यार्थ्याने अ‍ॅपाआधी त्यांकडे वळावे, असे माझे मत आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास या दिशेने काम करावयाचे असेल, तर प्रारंभ शब्दसंग्रहापासून करता येईल. पोर्तुगीजांनी मराठीत ठेवलेल्या शब्दांतील कित्येक स्पॅनिशमध्येही जवळपास त्याच रूपात आहेत : बालदी (बाल्दे), बिजागरी (बिसाग्रा), पिंप (पिपा), पगार (‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद ‘पागार’), इस्त्री (‘ताणणे’ या अर्थाचे ‘एस्तिरार’). पाव, चावी, कोबी, नाताळ हे मात्र पोर्तुगीज वळणाचे असून स्पॅनिशमध्ये त्यांच्या जागी अनुक्रमे पान, याबे, कोल, नाबिदाद हे शब्द येतात. वसईच्या वाडवळी व सामवेदी बोलींत याखेरीज आणखी काय शिल्लक आहे, हे घरोघरी जाऊन, वडीलधाऱ्यांना विचारूनच टिपावे लागेल.