रोगाचें चरित्र आणि उशाशीं बसलेलें माणूस

लहान मुलाचें आजारपण हा विषय आमच्या कथालेखकांस नवा नाहीं. परंतु बहुधा तें मूल दोन पानें तापानें फणफणतें, तिसऱ्या पानावर जातें, आणि वाचकाचे डोळे ओले झाले कीं लेखकाचें काम संपतें. आज रक्ताचा कर्करोग झालेलें मूल केमोथेरपी घेत दोन-तीन वर्षें घरांत वावरतें व पुष्कळदां बरेंही होतें. या दीर्घ शुश्रूषेस वाङ्मयांत कितपत स्थान मिळालें आहे, हें पाहण्यासाठीं आम्हीं दोन नामांकित इंग्रजी कृती पुन्हां वाचल्या.

पहिली, सिद्धार्थ मुखर्जी यांचा 'दि एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' (२०१०) हा ग्रंथ. २०११ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें, तें यथायोग्यच होय. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं अॅमिनोप्टेरिन हें औषध १६ मुलांस देऊन त्यांपैकीं १० जणांस तात्पुरता उतार पडल्याचें १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. त्या औषधामागें आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे श्रम होते. हा सारा वृत्तांत मुखर्जी मोठ्या रसाळपणें सांगतात. परंतु ग्रंथाचा नायक रोग आणि त्याचे प्रतिस्पर्धी वैद्य. आई-बाप येतात ते क्षणभर.

रोगाचें चरित्र लिहिणाऱ्यानें घराचें चरित्र कां लिहावें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, येथें घर हें उपचाराचेंच अंग आहे. अखेरच्या दीर्घ टप्प्यांत मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज घरींच द्यावयाची असते. ती वारंवार चुकल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे जी आई रोज संध्याकाळीं ती गोळी न चुकतां देते, तिचें नांव या विजयाच्या इतिहासांत असावयास हवें.

दुसरी कृति, लॉरी मूर यांची 'पीपल लाइक दॅट आर द ओन्ली पीपल हिअर' (१९९७) ही कथा. तींत मूत्रपिंडाच्या कर्करोगानें पीडित बाळाची आई प्रमुख आहे. येथें भाबडेपणा नाहीं. भय, चीड आणि विनोद एकत्र नांदतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी टळते आणि कुटुंब घरीं परततें. कथा जेथें संपते, तेथूनच आमच्या प्रश्नाचा आरंभ होतो.

त्यापुढचें जीवन कसें असतें? रात्रीं दोनला ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहतां येत नाहीं. तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. तोंड आलेल्या मुलास मऊ, गार घांस भरवावा लागतो. स्टिरॉइडच्या दिवसांत तेंच मूल मध्यरात्रीं खावयास मागतें आणि क्षुल्लक कारणावरून आकांत करतें. प्रेमानें भेटीस आलेल्या मावशीस, तिला सर्दी आहे म्हणून, दारांतूनच परत पाठवावें लागतें व तिचा रुसवा सोसावा लागतो. सर्वांत अवघड काम म्हणजे 'आज सुई नाहीं' असें खोटें न सांगणें. कारण एकदां फसलेलें मूल पुढच्या सुईच्या वेळीं कोणावर विश्वास ठेवील?

या गोष्टींत नाट्य अल्प, पुनरुक्ति फार. म्हणून लेखक त्या टाळतात. आम्हांस वाटतें कीं, पुनरुक्ति हाच येथील खरा विषय आहे. ज्यास तो मराठींत हाताळावयाचा असेल त्यानें अश्रूंची घाई करूं नये, आणि त्या मुलास 'बिचारें'ही म्हणूं नये. त्याच्या घरांतील एक साधा मंगळवार त्यानें नीट लिहावा. आम्ही तो अगत्यानें वाचूं.