ख्रिस्तपुराणातला ब्राह्मण काय मागतो?

फादर स्टीफन्सचे नाव निघाले की आपण मराठीचा गौरव करणाऱ्या त्याच्या ओव्या म्हणतो आणि तिथेच थांबतो. कोल्हापुरात बसून मीही अनेक वर्षे तेच केले. पुढे ‘ख्रिस्तपुराण’ सलग वाचायला घेतले, तेव्हा त्या ओव्यांपेक्षा एका ब्राह्मणाच्या मागणीने मला अडवले.

१४९४च्या तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी युरोपबाहेरचे जग वाटून घेतले. अमेरिकेला निघालेल्या गलबतांवर तलवारीसोबत क्रूस होता, तसाच गोव्याला येणाऱ्यांवरही. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. १५७९ साली हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. १६१६ साली त्याचे पुराण रायतूरला रोमन लिपीत छापले गेले.

ग्रंथारंभी ब्राह्मण पाद्रीला विनवतो की, जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. मेक्सिकोत सहागुन या फ्रान्सिस्कन पाद्रीनेही जुन्या गाण्यांच्या जागी म्हणायला नाहुआत्ल भाषेत ख्रिस्ती गीते रचली. ती १५८३ साली छापली गेली.

स्टीफन्सचे मराठीप्रेम खोटे होते, असे मी म्हणत नाही. त्याची ओवी अस्सल आहे. पण ती रिकाम्या केलेल्या जागेवर उभी आहे आणि याची साक्ष खुद्द कवीनेच नोंदवली आहे. १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने देशी भाषाच सोडण्याचे फर्मान काढले. म्हणून गौरवाच्या ओव्या शिकवताना त्या ब्राह्मणाची विनवणीही शिकवली पाहिजे. एरवी आपले कौतुक अर्धेच वाचन ठरते.