परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण : दोन शब्दांच्या निमित्ताने

यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीचा विचार करताना मराठी अभ्यासक सामान्यतः दोन टप्प्यांवर थांबतात : १९६० चे महाराष्ट्र राज्य आणि १९६२ चे संरक्षणमंत्रिपद. ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ या काळातील त्यांचे परराष्ट्रमंत्रिपद त्या मानाने उपेक्षित राहिले. ‘कृष्णाकाठ’ (१९८४) हे आत्मचरित्र १९४६ पाशी संपते. त्यामुळे या काळाविषयीची त्यांची साक्ष तेथे मिळत नाही. तथापि त्यांच्या पुढील भूमिकेचे मूळ तेथे शोधता येते.

१९३० नंतरच्या दशकात चव्हाण मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. दुसऱ्या महायुद्धात फॅसिझमच्या पराभवासाठी ब्रिटनला साहाय्य करावे, अशी भूमिका रॉय यांनी घेतली. चव्हाण मात्र त्यांच्यापासून दूर झाले आणि १९४२ च्या लढ्यात उतरले. डावे विश्लेषण मान्य असले, तरी स्वदेशाचा निर्णय परक्या सत्तेच्या गरजेवर सोपवावयाचा नाही, हा या कृतीचा अर्थ होय.

या दृष्टीने ‘अलिप्तता’ हा शब्द तपासण्याजोगा आहे. अलिप्त म्हणजे न लिंपलेला. कमलपत्राच्या दृष्टान्तामुळे या शब्दाला मराठीत विरक्तीची छटा आली आहे. प्रत्यक्ष धोरण विरक्तीचे नव्हते. १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भारत एका बाजूस झुकल्याचा आक्षेप होता. १९७६ मध्ये चीनशी राजदूत पातळीवरील संबंध सुमारे पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू झाले, आणि त्याच वर्षी पाकिस्तानशीही. धोरणाची सूत्रे पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हाती असली, तरी चव्हाणांच्या मंत्रिपदाच्या काळातील हे कार्य संबंध जोडण्याचे होते. त्यास ‘अलिप्तता’ म्हणणे अपुरे ठरते.

दुसरा शब्द ‘विलीनीकरण’. सिक्कीमला राज्याचा दर्जा देणारे घटनादुरुस्ती विधेयक एप्रिल १९७५ मध्ये चव्हाणांनीच लोकसभेत मांडले. तत्पूर्वी तेथे १९७३ चे लोकआंदोलन झाले होते आणि सार्वमतही घेतले गेले होते. परंतु सार्वमताच्या आधी भारतीय सैन्याने राजवाड्याच्या रक्षकदलाला निःशस्त्र केले होते, हेही विसरता येत नाही. ‘विलीनीकरण’ या नामात क्रिया आहे, पण कर्ता गळलेला आहे. परभणी जिल्ह्यातील वाचकाला हा शब्द परका नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. त्या घटनेमागे लोकांचा दीर्घ लढा होता, तशीच लष्करी कारवाईही होती. एकच नाम दोन्ही कर्त्यांना झाकते. म्हणून परभणीच्या अनुभवावरून सिक्कीमचा निवाडा परस्पर करणे योग्य नव्हे; प्रत्येक ठिकाणी कर्ता कोण, हे स्वतंत्रपणे विचारावयास हवे.

साम्राज्यशाहीविरोधी परंपरेत घडलेल्या मंत्र्याची खरी कसोटी बलाढ्य राष्ट्रांपुढील भाषणात लागत नाही. ती लहान शेजाऱ्याशी केलेल्या व्यवहारात लागते. चव्हाणांच्या परराष्ट्रमंत्रिपदाचे मूल्यमापन याच ठिकाणी अपूर्ण आहे. ते पूर्ण करावयाचे, तर त्यांना लावल्या जाणाऱ्या ‘डावे’, ‘समाजवादी’ या विशेषणांपेक्षा त्यांच्या काळातील क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.